आउटलँडरचा दुष्काळ : १०३ भागांनंतरची नोंद

कालप्रवासाच्या ‘आउटलँडर’ या टीव्ही मालिकेने आपल्या चाहत्यांना सुरुवातीपासूनच वाट पाहायला लावली आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पर्वाचे १६ भाग दोन तुकड्यांत आले. २०२२ च्या सहाव्या पर्वात तर आठच भाग. सातव्याचे पहिले आठ भाग ऑगस्ट २०२३ मध्ये संपले आणि पुढचे आठ सुरू व्हायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. या कोरड्या काळाला चाहत्यांमध्ये ‘ड्राउटलँडर’ म्हणतात. आधीच्या पिढीची कथा सांगणाऱ्या ‘ब्लड ऑफ माय ब्लड’चे दहा भाग २०२५ मध्ये येऊन गेले आणि पुन्हा तेच.

हा दुष्काळ काढायला कालप्रवासाच्या दुसऱ्या मालिका धरल्या आहेत. आजचा हिशेब असा : आठवड्याला पाच भाग, २१ आठवडे, चार मालिका पूर्ण. ‘११.२२.६३’ (८ भाग), ‘ट्रॅव्हलर्स’ (३४), चिनी ‘स्कार्लेट हार्ट’ (३५) आणि ‘डार्क’ (२६). पाचवी चालू आहे.

नुसता ‘टाइम ट्रॅव्हल’ हा शिक्का बघून यादी केली तर ती हमखास फसते, कारण त्या शिक्क्याखाली एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या गोष्टी असतात. आधी आउटलँडरमध्ये नेमके काय आवडते ते शोधावे लागते. नायिका क्लेअर १९४५ मधून १७४३ मध्ये जाते. १९४८ मध्ये परतते तेव्हा तिकडे १७४६ असते. १९६८ मध्ये पुन्हा निघते तेव्हा १७६६. वजाबाकी करून पाहा, दर वेळी २०२. म्हणजे दोन्हीकडची घड्याळे एकाच वेगाने चालतात. इकडे वीस वर्षे गेली की तिकडेही वीस जातात आणि ती कोणालाच परत मिळत नाहीत. सगळी कळ इथे आहे. काळ ओलांडायचे दगड, रत्ने, घागरे हे नंतरचे.

म्हणून नवी मालिका घेताना पहिला प्रश्न हा : तिकडे वर्षभर राहून परतले तर इकडे किती वेळ गेलेला असतो? मग मुक्काम किती लांब आहे ते बघायचे आणि शेवटी इतिहास बदलता येतो का ते. पहिल्या दोन भागांत ही तिन्ही उत्तरे बहुतेक मिळतात. विकी उघडू नये. तिथे पात्रांच्या नावापुढेच जन्ममृत्यूची साले असतात आणि या प्रकारात साल कळले की निम्मी कथा कळली.

‘११.२२.६३’ मध्ये घड्याळाचे उत्तर अगदी उलटे आहे. कपाटातल्या वाटेने गेले की दर वेळी १९६० चा तोच ऑक्टोबरचा दिवस; तिकडे कितीही वर्षे काढा, इकडे दोनच मिनिटे जातात. पुन्हा गेले की आधीचे सगळे पुसले जाते. तरीही आउटलँडरवाल्यांना ही मालिका लागू पडते, कारण केनेडींची हत्या होते २२ नोव्हेंबर १९६३ ला. ती थांबवायला निघालेल्या नायकाला तीन वर्षे तिथे राहावे लागते, नोकरी धरावी लागते आणि माणूस रुजायला तेवढा काळ पुरतो. आठच भाग आणि कथा पुरी, त्यामुळे दुष्काळाची सुरुवात हिच्यापासूनच करावी.

‘ट्रॅव्हलर्स’मध्ये परतीचे तिकीटच नाही. भविष्यातल्या माणसाची फक्त जाणीव पाठवली जाते, तीही ज्याच्या मृत्यूची नेमकी वेळ नोंदलेली आहे अशाच्या शरीरात, मरणाच्या काही क्षण आधी. शिवाय शेवटचा प्रवासी जिथे उतरला त्याच्या आधीच्या क्षणी पुढचा पाठवता येत नाही, म्हणजे चुकलेले काम पुन्हा करायची सोय नाही. गडबड होते ती नोंदींमुळे : कागदावरची माहिती खोटी निघते आणि प्रवासी भलत्याच आयुष्यात अडकतो. पहिल्या भागातच याची दोन उदाहरणे आहेत. नियम इतके काटेकोर पाळणारी मालिका या यादीत दुसरी नाही.

आता ‘स्कार्लेट हार्ट’. चिनी नाव ‘बू बू जिंग शिन’, साल २०११. आजची मुलगी सम्राट कांगशीच्या काळात, छिंग दरबारातल्या एका मुलीच्या शरीरात जागी होते. गादी कोणाला मिळणार आणि कोणाचे काय होणार हे तिला इतिहासातून ठाऊक आहे, तरी जीव जडायचा तिथे जडतोच. आउटलँडरला सगळ्यात जवळची हीच. अडचण एकच : राजपुत्र. पहिल्या पाच भागांत डझनभर येतात, एकसारखी शेंडी, एकसारखे झगे. त्यांची नावे लक्षात ठेवायचा प्रयत्न सोडून द्यावा आणि क्रमांक धरावेत. चौथा, आठवा, दहावा, तेरावा आणि चौदावा एवढे पाच ओळखता आले की पुरे. चौथा म्हणजे पुढचा सम्राट योंगचंग, हे इतिहासातच असल्यामुळे इथे सांगायला हरकत नाही. हिचे कोरियन रूप ‘मून लव्हर्स’ (२०१६, २० भाग) कोरियातल्या जुन्या गोर्यो राजवटीत घडते. दोन्ही लागोपाठ पाहू नयेत; सांगाडा तोच असल्यामुळे दुसरी पाहताना आपण फक्त तुलना करत बसतो.

‘डार्क’ला वही लागते. चार कुटुंबे : कानवाल्ड, निल्सन, डॉप्लर, टीडेमान. पहिल्या पर्वात तीन साले, १९५३, १९८६ आणि २०१९, मध्ये ३३ वर्षांचे अंतर. वहीचे पान आडवे धरून तीन रकाने पाडावेत, प्रत्येक कुटुंबाला एक ओळ द्यावी आणि सगळे पेन्सिलने लिहावे. पेनने लिहिलेला तक्ता पाचव्या भागापर्यंत खोडून खोडून वाचेनासा होतो, कारण नाती बदलत जातात. दुसऱ्या पर्वासाठी १९२१ आणि २०५३ ला जागा सोडून ठेवावी. तिसऱ्या पर्वात दृश्य कुठले हे कळेनासे झाले की मार्था या मुलीच्या कपाळाकडे पाहावे. कपाळावर केसांची झालर असेल तर ते दुसरे जग. आवाज मूळ जर्मनच ठेवावा. इंग्रजी डबिंगमध्ये ओठ आणि शब्द जुळत नाहीत, आणि एकच माणूस तीन वयांत ओळखायचा असताना चेहऱ्यावरून लक्ष उडून चालत नाही. एका बैठकीला दोनच भाग. घड्याळाच्या प्रश्नाला इथे उत्तर नाही, सगळे एका गाठीत बांधलेले आहे; म्हणून ही आउटलँडरची जागा भरून काढत नाही. ही भागवते ती भूक वेगळी आहे आणि ती डार्कइतकी कोणीच भागवत नाही.

सध्या चालू आहे ती स्पॅनिश ‘एल मिनिस्तेरिओ देल तिएम्पो’, चार पर्वे, ४२ भाग, एकेक भाग सुमारे ७० मिनिटांचा. आठवड्याला पाचचा वेग इथे तीनवर आणावा लागला. माद्रिदच्या एका सरकारी खात्याच्या तळघरात वेगवेगळ्या काळांची दारे आहेत आणि इतिहास होता तसा राखणे हे खात्याचे काम. पथकात एकोणिसाव्या शतकातली विद्यार्थिनी, सोळाव्या शतकातला सैनिक आणि आजचा रुग्णवाहिकेवरचा माणूस. चित्रकार वेलास्केस याच खात्यात संशयितांची चित्रे काढतो, हे फार गोड आहे. गोची अशी की संवाद स्पॅनिश इतिहास गृहीत धरतात. भाग लावण्याआधी त्या सालाबद्दल दहा मिनिटे वाचून घ्यावे : पहिल्यासाठी १८०८ चे फ्रेंच आक्रमण, दुसऱ्यासाठी १५८८ चे आरमार. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचून ज्यांना एका लढाईचा निकाल फिरला तर काय होईल याची चटक लागली, त्यांनी ही मालिका चुकवू नये. इथे तोच निकाल फिरू न देण्याची धडपड आहे.

पुढच्यांसाठी दोन सूचना. ‘टाइमलेस’ घेणार असाल तर दुसऱ्या पर्वाच्या दहाव्या भागावर थांबू नका. डिसेंबर २०१८ चा दोन भागांचा शेवट पुष्कळदा वेगळा विशेष भाग म्हणून लावलेला असतो आणि तो नजरेतून सुटतो. ‘लाइफ ऑन मार्स’ शोधताना ब्रिटिशच (२००६–०७, १६ भाग) निवडा. अमेरिकी आवृत्ती त्याच नावाने समोर येते, तिचा शेवट निराळा आहे. ब्रिटिश मालिकेचे पूर्ण उत्तर ‘ॲशेस टू ॲशेस’च्या २४ भागांनंतर मिळते, म्हणून हिशेब ४० भागांचा धरावा.

कोरियन ‘सिग्नल’ (१६ भाग) आणि तिच्यावरून हिंदीत केलेली ‘ग्यारह ग्यारह’ (२०२४, ८ भाग) यांत आधी कोरियन, असे ठरले आहे. भूतकाळाशी जोडणारा वॉकीटॉकी तिथे रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी बोलू लागतो, हिंदीत ११.११ ला.

त्याआधी मात्र कोरियन ‘नाइन’चे २० भाग. नऊ उदबत्त्या. एक लावली की बरोबर वीस वर्षे मागे, आणि ती अर्ध्या तासात विझते. वहीत नऊ रेघा ओढून ठेवल्या आहेत, पेटेल तशी एकेक खोडायची.