एका क्रियाविशेषणामुळे

बुचोंनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

'बुचो' हे नाव नव्हे, हुद्दा आहे: विभागप्रमुख. जपानी कार्यालयात वरिष्ठांना हुद्द्याने संबोधतात, आणि मला तरी इथे नावं कुठे सांगायची आहेत? दुभाष्याच्या कामात गोपनीयतेचं बंधन असतं. म्हणून यंत्र आणि आकडे मी बदलले आहेत. भांडण मात्र जसं झालं तसंच आहे.

टेबलाच्या एका बाजूला ग्राइंडिंग मशीन बनवणारे चार जर्मन, दुसऱ्या बाजूला ते विकत घेणारे सहा जपानी, आणि टोकाला वही-पेन घेऊन मी. जर्मन मंडळी इंग्रजीत बोलणार, मी ते जपानीत सांगणार, आणि उलट. मला जर्मन येत नाही. त्यामुळे खोलीत खरं तर तीन भाषा होत्या आणि त्यांतल्या दोनच मला ऐकू येत होत्या. पण तेव्हा मी हा हिशेब केला नव्हता.

तक्रार साधी होती. मशीनवर घासून निघणाऱ्या शाफ्टचा (दांड्याचा) व्यास ड्रॉइंगमध्ये दिलेल्या टॉलरन्समध्ये, म्हणजे चालवून घ्यायच्या फरकाच्या मर्यादेत, उणे-अधिक ५ मायक्रॉनमध्ये बसायला हवा होता. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काही नग ७-८ मायक्रॉनने चुकत होते. पहिला दिवस आलेख बघण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी जर्मन प्रकल्पप्रमुखांनी प्रस्ताव ठेवला: शाफ्टच्या कामात काहीच फरक पडत नाही, तर टॉलरन्स उणे-अधिक ८ करून घेऊ या.

मी ते जपानीत सांगितलं. बुचोंनी दातांतून हवा आत ओढली. ड्रॉइंगकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मुझुकाशिई देस ने."

शब्दशः अर्थ, 'कठीण आहे.' पण जपानी शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या-दुसऱ्या वर्षातच बजावलेलं असतं की धंद्याच्या बोलण्यात हा शब्द आला की तो सभ्य नकार समजायचा. मी इंग्रजीत आधी 'कठीण आहे' एवढंच सांगितलं. प्रकल्पप्रमुखांनी थेट मला विचारलं, "म्हणजे हो की नाही?"

इथे मी माझ्या खुर्चीतून उठले. शरीराने नाही, कामाने. दुभाष्याने हा प्रश्न उचलून पलीकडे ठेवायचा असतो, बस्स. तो बुचोंना विचारलेला प्रश्न होता. मी मात्र ज्ञान पाजळलं: "हे नाहीच आहे. जपानमध्ये नकार असाच देतात."

प्रकल्पप्रमुख खुर्चीत मागे रेलले. "मग आपण इथे कशासाठी बसलोय?"

हे वाक्य जपानीत नेताना मी दुसरी चूक केली. मला वाटलं, असं उघडंवाघडं नेलं तर बैठक मोडेल. म्हणून मी जपानीत म्हणाले, "आजच्या बैठकीचा उद्देश एकदा पक्का करू या, असं त्यांचं म्हणणं आहे." म्हणजे एका बाजूचं म्हणणं मी होतं त्याहून कडक केलं आणि दुसऱ्या बाजूचं मऊ. समोरच्या माणसाचा चेहरा लाल झालेला बुचोंना दिसत होता आणि कानावर मात्र सौम्य वाक्य पडत होतं. या बाई काहीतरी लपवताहेत, एवढं कळायला कोणतीही भाषा लागत नाही.

पेनाला टोपण लागलं ते तेव्हा.

माझ्या या शहाणपणाचा उगम सांगायला हवा. आमच्या प्रशिक्षणात आंतरसांस्कृतिक संवादाचा एक भाग होता. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांची १९७०च्या दशकातली मांडणी त्यात होती: काही समाजांत अर्थ शब्दांत भरलेला असतो, काहींत तो प्रसंगात, नात्यात, गप्प बसण्यात असतो. त्या पट्टीवर जपान एका टोकाला, जर्मन भाषक दुसऱ्या. मग डच समाजमानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड. त्यांनी आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून जास्त प्रश्नावल्यांवरून संस्कृतीच्या निरनिराळ्या पैलूंवर देशांना गुण दिले. ती सरासरी देशाची आहे, समोर बसलेल्या माणसाची नाही, हे हॉफस्टेड स्वतःच बजावत होते. तेही आम्हाला शिकवलं होतं. पण लक्षात राहतात ते तक्ते. इशारा तळटीपेत जातो.

आणि एक विमान. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला येणारं आव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ खराब हवामानामुळे तासाहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला 'प्रायॉरिटी' हवी असल्याचं आणि इंधन संपत चालल्याचं सांगितलं होतं. 'इमर्जन्सी' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. पलीकडच्यांना त्या एका शब्दावाचून निकड कळली नाही. वर्गात या घटनेवर चर्चा झाली ती संस्कृतीची: अधिकाऱ्यापुढे दबणं, आडून बोलणं वगैरे. मीही हेच लिहून घेतलं. दोन्ही बाजूंना एका शब्दाचा अर्थ वेगळा असू शकतो, ही बाब मी वहीत लिहिलीसुद्धा नव्हती.

तर, बैठक थांबली. वीस मिनिटांची विश्रांती, असं ठरलं. अशा विश्रांतीत दोन्ही गट खोलीच्या दोन कोपऱ्यांत जातात आणि दुभाष्याला कोपराच उरत नाही. मी जिन्यापाशी उभी राहिले. तिथे जपानी गटातला सगळ्यात तरुण अभियंता आला. दोन दिवसांत तो एक शब्द बोलला नव्हता. इकडेतिकडे बघत त्याने हळूच विचारलं, "जर्मनीत लेखी दिलेला शब्द परत घेता येतो का? तिकडे तशी पद्धत आहे का?"

कोणता शब्द?

त्याने फाइलमधून एका ईमेलचा छापील कागद काढला. सहा आठवड्यांपूर्वीचा, जर्मन कंपनीकडून इंग्रजीत आलेला. एका वाक्याखाली लाल रेघ: 'वुई विल इव्हेंच्युअली एक्स्चेंज द स्पिंडल.' स्पिंडल म्हणजे मशीनचा फिरणारा मुख्य दांडा. समासात पेन्सिलीने जपानीत लिहिलं होतं: 'अखेरीस बदलून देतील.' इंग्रजी 'इव्हेंच्युअली'चा अर्थ तोच आहे. लवकर नाही, पण शेवटी नक्की. म्हणजे गेले सहा आठवडे जपानी गट स्पिंडल बदलून मिळण्याची वाट बघत होता, आणि आज समोरून आलं ते 'टॉलरन्स वाढवून घ्या'. मीही कुणी असा शब्द फिरवला असता तर पेनाला टोपणच लावलं असतं.

मग आठवलं. आदल्या दिवशी प्रकल्पप्रमुख बोलण्याच्या ओघात 'स्पिंडल, इव्हेंच्युअली' असं म्हणाले होते आणि मी ते जपानीत 'इझुरे', म्हणजे आज ना उद्या, असं नेलं होतं. कागदावरच्या समजुतीवर माझ्या तोंडून शिक्का बसला होता.

मी तडक जर्मन गटाकडे गेले. प्रकल्पप्रमुख खिडकीशी होते. त्यांना वाक्य दाखवून विचारलं, "यातून आपल्याला काय म्हणायचं होतं?" ते म्हणाले, "चाचणीत स्पिंडलचा दोष निघाला तर कदाचित बदलू." कदाचित! बाजूला उभ्या असलेल्या त्यांच्या सहकारी बाईंनी कपाळावर हात मारला. त्यांचं इंग्रजी त्या गटात सगळ्यात चांगलं होतं. जर्मनमध्ये 'एव्हेन्टुएल' असा शब्द आहे, त्याचा अर्थ 'कदाचित'. दिसायला इंग्रजीचा जुळा भाऊ, अर्थाने परका. भाषाशिक्षणात अशा जोड्यांना खोटे मित्र म्हणतात आणि ही जोडी त्यांतली अगदी नामांकित आहे, हे मला नंतर कळलं. जर्मन येत असतं तर ते आधीच कळलं असतं.

आता हे मांडायचं कसं? भर बैठकीत 'तुमचं इंग्रजी चुकलं' म्हटलं की प्रकल्पप्रमुखांची शोभा. 'तुम्ही चुकीचा अर्थ लावला' म्हटलं तर बुचोंची. तेही उगाच, कारण त्यांनी लावलेला अर्थ शब्दकोशाप्रमाणे अचूक होता. जपानी कामकाजात 'नेमावाशी' म्हणून एक शब्द आहे. मूळचा बागकामातला: झाड दुसरीकडे लावायच्या आधी त्याच्या मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करायची. बैठकीआधी एकेकाला गाठून बोलून ठेवणं, हा त्याचा आजचा अर्थ. प्रकल्पप्रमुखांची परवानगी घेऊन मी बुचोंकडे गेले. दोन मिनिटं मागितली. त्यांनी कागद पाहिला, 'कदाचित' ऐकलं आणि खूप वेळ काही बोलले नाहीत. त्या शांततेचा अर्थ लावायचा मोह मी आवरला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "हे तुम्हाला आज कळलं?"

"हो," मी म्हणाले.

"मलाही आजच," ते म्हणाले.

बैठक पुन्हा सुरू झाली तेव्हा मी आधी बोलले. दुभाषी स्वतःबद्दल बोलताना 'मी' म्हणत नाही, कारण 'मी' हा शब्द वक्त्याचा असतो. "दुभाषीला तीन दुरुस्त्या करायच्या आहेत," असं म्हणून दोन्ही भाषांत सांगितलं: 'कठीण आहे' याला नकार म्हटलं ते माझं मत होतं, बुचोंचे शब्द नव्हेत, उद्देश पक्का करण्याचं वाक्य मी गुळगुळीत केलं होतं, मूळ प्रश्न असा असा होता, आणि काल 'इव्हेंच्युअली'चं केलेलं भाषांतर वक्त्याच्या मनातलं नव्हतं. इतकी वर्षं काम केल्यावर हे उच्चारताना कान तापले, ते लपवत नाही. ईमेलबद्दल प्रकल्पप्रमुख स्वतःच बोलले. शब्द माझा चुकला, म्हणाले. एका वाक्यात, कसलीही सारवासारव न करता. हा थेटपणा अर्ध्या तासापूर्वी मला उद्धटपणा वाटला होता.

मग त्यांनी बुचोंना विचारलं, "कठीण म्हणजे काय काय कठीण आहे?"

आणि बुचो बोलू लागले. थांबतच नव्हते, माझी वही भरत गेली. ड्रॉइंग त्यांचं नव्हतंच, त्यांच्या ग्राहकाचं होतं. टॉलरन्स बदलायचं तर ग्राहकाकडे अर्ज, नव्याने चाचण्या, मंजुरी. यात महिने जातात, पण हे अशक्य नव्हतं. कठीण होतं. त्यांनी अगदी शब्दशः उत्तर दिलं होतं. आपल्याकडेही 'जरा अवघड आहे' म्हणणारा माणूस कधी नाही म्हणत असतो आणि कधी खरंच अडचण सांगत असतो. आपण ओळखतो कसं? पुढचं वाक्य ऐकतो, नाहीतर 'का हो?' म्हणतो. परक्या भाषेत मात्र मी तो शब्द कुलपाच्या आकड्यासारखा वापरला, आणि पुढचं वाक्य यायच्या आत कुलूप लावून मोकळी झाले.

त्यानंतरचा भाग अभियंत्यांचा. लांबीच्या मोजमापांसाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरतात, आणि ७-८ मायक्रॉनच्या नोंदी नेमक्या कोणत्या तापमानाला घेतल्या यावर दोन्ही बाजूंची कागदपत्रं जुळत नव्हती. म्हणून एकाच खोलीत, एकाच गेजवर, दोघांच्या देखत पुन्हा मोजायचं ठरलं. त्यात स्पिंडलचा दोष निघाला तर बदलून देणार. या वेळी 'तर' हा शब्द ठळक होता. खर्च कुणी सोसायचा यावर मात्र काहीच ठरलं नाही. दोन्ही बाजूंनी तो मुद्दा बाजूला ठेवला, आणि तो अजून चांगलाच तापणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

इतिवृत्त त्याच संध्याकाळी, एकत्र बसून, ओळ न् ओळ वाचायचं असा आग्रह बुचोंनी धरला. दोन पानांना पावणेदोन तास लागले. शेवटच्या ओळीत प्रकल्पप्रमुखांनी लिहिलं होतं की मोजमापांचा अहवाल 'लवकरच' पाठवू. मी भाषांतरासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. "दुभाषी विचारते," मी म्हणाले, "लवकर म्हणजे किती तारखेला?"

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, शब्द खोडला आणि तारीख लिहिली. बुचोंनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि तीच तारीख आपल्या प्रतीवर लिहून घेतली.