मे महिन्यात चिरते, जुलैत मान टाकते

घरी केक करणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न: फुलांसाठी साखरेची पेस्ट दर वेळी मोजूनमापूनच करतो, तरी मे महिन्यात पाकळ्या चिरतात आणि जुलैत फुलं मान टाकतात, असं का? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. आपल्या विदर्भात उन्हाळ्याची हवा कोरडी ठणठणीत आणि पावसाळ्याची ओलीगच्च. एकच प्रमाण बारा महिने चालायचं नाही.

हिवाळ्याचं प्रमाण मूळ धरा. आयसिंग शुगर ५०० ग्रॅम, सीएमसी पावडर (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, पेस्टला ताण देणारी खाद्य पूड) १५ ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १ मोठा चमचा, पाणी ६० मिली, डालडा २ लहान चमचे. अंडं, जिलेटिन काही नाही. साखर घरी दळली तर वस्त्रगाळ कराच, राहिलेला एक कणही पातळ पाकळी फाडतो. सीएमसी खाण्याच्या दर्जाचीच घ्या. नागपूर-अमरावतीला केकच्या सामानाच्या दुकानात मिळते. तिच्याऐवजी किराण्यातल्या खायच्या डिंकाची पूड घालू नका. ती नुसती चिकट होते, पेस्टला ताण येत नाही. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून पाकळ्या चिकटवायला मात्र छान.

सीएमसी थेट पाण्यात टाकली की गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. म्हणून ती ४०० ग्रॅम साखरेत कोरडीच मिसळा. पाणी, ग्लुकोज आणि डालडा गरम पाण्यावर भांडं ठेवून वितळवा, उकळू देऊ नका. मग साखरेत ओतून कालवा. गोळा हाताला चिकटेल. इथेच बहुतेक जणी घाबरून उरलेली साखर सगळी घालतात आणि पेस्ट कायमची कोरडी होते. सीएमसीला पाणी पिऊन फुगायला वेळ लागतो. डालड्याचा हात लावून गोळा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि हवाबंद डब्यात २४ तास ठेवा. दुसऱ्या दिवशी मळा, लागली तरच साखर घाला. तुकडा ओढून बघा: आधी ताणला जाऊन मग टक्कन तुटला, की पेस्ट जमली. नुसताच लोंबला तर चिमूटभर सीएमसी घालून पुन्हा झाका.

उन्हाळ्यात सीएमसी १२ ग्रॅमवर आणा, डालडा ३ लहान चमचे करा. दुपारी पेस्ट ढिली वाटते ती पाण्याने नव्हे. डालडाच चाळीस अंशांच्या आसपास वितळतो. त्यावर साखर घातली की सकाळी तीच पेस्ट चिरते. काम पहाटे उरका. कूलरच्या खोलीत हवा दमट असते, तिथे लाटायला सोपं जातं, पण फुलं वाळवायला दुसऱ्या खोलीत न्या. पंख्याखाली लाटायला बसू नका, कडा आधी वाळतात आणि वाकवताना तडकतात. लागेल तेवढाच तुकडा काढा, बाकीचा वाटीखाली झाका.

पावसाळ्यात उलटं: सीएमसी २० ग्रॅम, ग्लुकोज अर्धा मोठा चमचा, पाणी ५० मिली. ग्लुकोज हवेतलं पाणी ओढतं, म्हणून कमी. फुलं झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर वाळवा, पुडी फुलाला टेकू देऊ नका. फ्रिज मात्र कोणत्याच ऋतूत नको. बाहेर काढल्यावर फुलांना घाम सुटतो आणि रंग ओघळतो. क्रीमच्या केकवरही फूल आधी लावू नका, द्यायच्या वेळी लावा. तारेचं फूल थेट केकमध्ये खुपसू नये, आधी स्ट्रॉ रोवून त्यात तार घाला.

गुलाब सगळेच करतात, एकदा पळस करून बघा. पाच पाकळ्या: एक मोठी मागे, दोन लहान बाजूंना आणि दोन एकमेकींना चिकटून पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या. चोच आधी २६ नंबरच्या तारेवर करा आणि रात्रभर वाळू द्या, नाहीतर बाकीच्या पाकळ्यांच्या वजनाने ती सरळ होते. जेल रंग केशरी, त्यात थेंबभर लाल. पाण्यासारखा पातळ रंग पेस्ट सैल करतो. देठाजवळची वाटी काळपट तपकिरी ठेवा. पळसाला पानं तीनच खरी, पण फुलतो तेव्हा झाड जवळपास निष्पर्ण असतं, त्यामुळे हिरवी पानं लावू नका. काळसर फांदीवर नुसती फुलंच दाटीने बसवा.