एआयसीडी, मोबाइलचा लोहचुंबक आणि एका स्टिकरसाठी चार खेपा

बाबांना एआयसीडी, म्हणजे हृदयाचे धोक्याचे ठोके ओळखून शॉक देणारी मशीन, छातीत बसवून पाच महिने झाले. ऑपरेशन, बिल, टाके, सगळं सुरळीत पार पडलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते एका साध्या प्रश्नावर: घरातल्या नव्या मोबाइलच्या पाठीत लोहचुंबक आहे, तो बाबांच्या छातीजवळ चालेल का? इंदूरमधल्या एका खासगी रुग्णालयातून याचं नेमकं उत्तर मिळवायला चार खेपा आणि सात आठवडे गेले. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून आधी उत्तरच लिहून टाकते.

मोबाइल आणि मशीन यांच्यात कायम सहा इंच, म्हणजे 15 सेंटिमीटर. मोबाइल वायरलेस चार्जरवर असेल तर 12 इंच, म्हणजे 30 सेंटिमीटर. आमच्या घरात हे माप असं बसलंय: एरवी वीतभर, चार्जरवर हातभर. मोठ्या माणसाची वीत आठ-नऊ इंच भरते, त्यामुळे थोडं जास्तच अंतर राहतं. शर्टाचा आणि बंडीचा वरचा खिसा मोबाइलसाठी कायमचा बंद.

कारण असं. या मशीनमध्ये लोहचुंबक ओळखणारा सेन्सर मुद्दामच ठेवलेला असतो. ऑपरेशनच्या वेळी कॉटरी (विजेवर चालणारं, कापण्याचं आणि रक्त थांबवण्याचं उपकरण) चालते, तेव्हा तो विजेचा गोंधळ हृदयाचाच समजून मशीनने शॉक देऊ नये, म्हणून डॉक्टर छातीवर जाड कडीसारखा लोहचुंबक ठेवतात. तो असेपर्यंत एआयसीडी धोक्याचे ठोके शोधणं थांबवते आणि शॉक देत नाही. उचलला की पुन्हा पूर्ववत. साध्या पेसमेकरचं वेगळं आहे. लोहचुंबक जवळ असला की तो हृदयाचे स्वतःचे ठोके न बघता ठरलेल्या गतीने ठोके देत राहतो, कंपनीप्रमाणे मिनिटाला 85, 90 किंवा 100. पेशंटला त्यात धडधडल्यासारखं वाटू शकतं. एआयसीडीत मात्र बहुधा काहीच जाणवत नाही, आणि मला भीती त्याचीच जास्त वाटते. नेमकी त्याच वेळी शॉकची गरज पडली तर?

10 गॉसपर्यंतच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्राला मशीनने दाद देऊ नये असं मानक आहे. मोबाइलच्या पाठीला अगदी चिकटून क्षेत्र याच्या कितीतरी पट असतं, पण अंतर वाढलं की ते झपाट्याने घटतं. म्हणून वीतभर पुरतं. ऑक्टोबर 2020 मध्ये मॅगसेफची, म्हणजे चार्जर चिकटवणाऱ्या लोहचुंबकांची, गोल कडी घेऊन आयफोन 12 आला आणि जानेवारी 2021 मध्येच अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या डॉक्टरांनी लिहिलं की तो डाव्या छातीवर धरताच एआयसीडीचं काम थांबलं. मे 2021 मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सहा इंचांचा सल्ला जाहीर केला. म्हणजे ही माहिती नवी नाही, आणि म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागलं.

पहिली खेप डिस्चार्जच्या काउंटरवर. उत्तर मिळालं, "मोबाइल राइट कान पे लगाइए, बस." हा सल्ला चुकीचा नाही, पण तो रेडिओ लहरींसाठीचा जुना सल्ला आहे. लोहचुंबकाला कान डावा की उजवा याच्याशी देणंघेणं नसतं, तो छातीपासून किती लांब आहे एवढंच महत्त्वाचं. हातात दिलेल्या छापील कागदावर लोहचुंबक हा शब्दच नव्हता.

दुसऱ्या खेपेला ओपीडीत सांगितलं, मशीन बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर शनिवारी येतात, त्यांना विचारा. शनिवारी टोकन घेऊन दुपारी दोनपर्यंत बसलो आणि मग कळलं की आज कुणी येणार नाही. पाच टाक्यांची छाती घेऊन माणसाला लोखंडी बाकावर चार तास बसवायचं आणि एक फोन करायचा नाही, हे मला अजूनही पटत नाही.

तिसऱ्या खेपेला इंजिनिअर आले, पण दुसऱ्याच कंपनीचे. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा: प्रत्येक कंपनीचा प्रोग्रामर, म्हणजे छातीतली मशीन बाहेरून वाचणारं यंत्र, वेगळा असतो आणि एकीचा प्रोग्रामर दुसरीची मशीन वाचत नाही. आमची मशीन कुठल्या कंपनीची हे काउंटरला माहीत नव्हतं, कारण डिस्चार्ज समरीत फक्त "एआयसीडी इम्प्लांटेड" एवढंच लिहिलं होतं. मशीनच्या खोक्यातून निघणारं स्टिकर, ज्यावर कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर असतो, ते रुग्णालयाच्या फाइलला चिकटवलेलं राहिलं आणि आमच्या फाइलला लावलंच नाही. मग रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज, सोबत आधारची झेरॉक्स, आणि अकरा दिवसांनी त्या स्टिकरची फोटोकॉपी मिळाली. मशीनची माहिती असलेलं कंपनीचं कायमचं कार्डही तोवर पोचलं नव्हतं. अर्ज केला नसता तर ते अजूनही आलं नसतं असं मला वाटतं.

चौथ्या खेपेला योग्य कंपनीचे इंजिनिअर भेटले. प्रोग्रामरचा हेड छातीवर धरला, पडद्यावर ठोके दिसले. मग शेजारी कडीचा लोहचुंबक ठेवला आणि बाबांच्या छातीतून टूं असा बारीक, एकसुरी आवाज आला. "अंकल, ये आवाज आए तो समझिए मैग्नेट पास है, फोन हटाइए." लोहचुंबक उचलला, आवाज बंद. सगळं मिळून सात मिनिटं. सगळ्या मशीन असा आवाज करत नाहीत, म्हणून आपली करते का हे विचारून घ्या. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये लोहचुंबकाला दिला जाणारा प्रतिसाद प्रोग्रामरवर बदलता येतो, तेही विचारा, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

त्यामुळे डिस्चार्जच्या दिवशी बिल भरण्याआधी स्टिकरची प्रत मागा. तात्पुरतं कार्ड हातात घ्या आणि तिथेच वाचा: नावाचं स्पेलिंग, मशीनचं मॉडेल, सिरियल नंबर, लीडचं (मशीनपासून हृदयात जाणाऱ्या तारेचं) मॉडेल, तारीख, एमआरआय चालतो की नाही. विमानतळावर हेच कार्ड दाखवायचं. दारासारख्या डिटेक्टरमधून न थांबता नेहमीच्या चालीने जायचं आणि हातातलं डिटेक्टर छातीवर धरू नका, हाताने तपासा, असं सांगायचं.

लोहचुंबक कशात आहे हे घरी ओळखायला टाचण्या पुरतात. मी मोबाइलच्या कव्हरवर मूठभर टाचण्या टाकल्या, तर त्या आपोआप गोल कडीत उभ्या राहिल्या, मधला भाग रिकामा. बाबांनी ते पाहिलं आणि त्या दिवसापासून वरच्या खिशाचा विषय संपला. मोबाइलमध्ये नसला तरी कव्हरमध्ये असू शकतो. इंदूरच्या जेल रोडवर मिळणाऱ्या अनेक कव्हरांत आता ही कडी येते, आणि पाकिटासारख्या कव्हरच्या झडपेतही चुंबक असतो. टाचणी चिकटली तर ती वस्तू वीतभर लांब, वाद नको. मात्र टाचणीने किती जवळ चालेल हे ठरवू नका, ती फक्त ओळखण्यापुरती.

झोपताना मोबाइल छातीवर ठेवून बघायची सवय सगळ्यात वाईट, कारण डोळा लागला की तो तिथेच राहतो. उशीखालीही नको. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट. नातवंडं गळ्यात पडतात तेव्हा त्यांच्या हातातला मोबाइल आधी काढून घ्यायचा.

आणि इअरबडची डबी राहिलीच. झाकण टक्‌कन बंद होतं ते लोहचुंबकामुळेच. मोबाइल खिशातून गेला, पण ही डबी पुढे आठवडाभर बाबांच्या त्याच खिशात होती.