तुम्ही विचारलंत म्हणून: दुखऱ्या घरांच्या आठवणी कशा वाचायच्या?

‘असली पुस्तकं वाचून त्रास होत नाही का? आणि शेवटी लिहिणाऱ्यांनी आईवडिलांना माफ केलं की नाही?’ अशा घरांच्या आठवणींच्या पुस्तकांबद्दल हे दोन प्रश्न बहुधा जोडीनेच येतात. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: होतो. दुसऱ्यावरच डोळा ठेवून वाचलंत, तर निम्मं पुस्तक वाचायचं राहून जातं.

सुरुवात तारखांपासून करा. घटना कधी घडली, लिहायला कधी घेतलं, छापून कधी आलं, हे पहिल्याच पानावर पेन्सिलीने टिपून ठेवा. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढची काही वर्षं नवराबायको वेगळी राहिली. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आत्मकथा ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने यायला लागली ती १९३४ पासून. नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर त्या खळखळून हसवतात, त्यामागे हा मधला काळही आहे असं मला वाटतं. उलट अमेरिकन लेखिका जोन डिडियन यांचा नवरा डिसेंबर २००३ मध्ये गेला आणि त्या शोकाचं पुस्तक ‘द इयर ऑफ मॅजिकल थिंकिंग’ २००५ मध्ये आलं. प्रकाशनाच्या थोडं आधी त्यांची मुलगीही गेली, पण तो मृत्यू त्या पुस्तकात नाही, कारण लिखाण तोवर संपलेलं होतं. मुलीबद्दल त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं, ते आलं २०११ मध्ये. तेव्हा शेवटचं पान आलं म्हणजे लिहिणाराचं दुःखही संपलं, असं धरू नका.

तारखा कळल्या की पुस्तकातले दोन ‘मी’ वेगळे करा. एक त्या घरात राहणारं मूल, दुसरा आज लिहायला बसलेला माणूस. मुलाने जे पाहिलं त्यापुढे एक खूण, मोठ्याला जे पुढे उमगलं त्यापुढे दुसरी. पन्नासेक पानं अशी वाचली की तोल कळतो. नुसतं मूलच बोलत असेल तर अर्थ लावायचं काम आपल्यावर पडतं. नुसता मोठा माणूसच बोलत असेल तर प्रत्येक प्रसंगाचा निकाल आधीच लागलेला असतो. आठ वर्षांच्या वयातलं भांडण शब्दन्‌शब्द दिलेलं असलं, तर ते आठवणीने पुन्हा रचलेलं आहे असं समजा. खोटं म्हणून फेकू नका, पण पुरावा म्हणूनही धरू नका. ‘माझ्या बहिणीला हे वेगळंच आठवतं’ असं लिहिणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो. आणखी एक कसोटी: मारकुटा बाप सगळ्या पुस्तकात एकदाही साधं काही करताना दिसत नाही, ना जेवताना, ना कशाला हसताना. मग समजावं, लिहिणारा अजून फिर्याद मांडतोय. मांडावी, त्याचा हक्कच आहे. पण आपण ती फिर्याद म्हणून वाचावी.

शोकाच्या पुस्तकांत लोक हमखास पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) शोधतात आणि नवव्या प्रकरणात लेखिका पुन्हा पहिल्यावर आली की वैतागतात. ते टप्पे मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातले. स्वतःच मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून ते आले. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. टप्पे सोडा, वस्तू बघा. काय टाकवत नाही, कोणता नंबर खोडवत नाही. डिडियनना नवऱ्याचे बूट देऊन टाकता येईनात. तो परत आला तर लागतील म्हणून. त्या एका तपशिलात ‘नकार’ या टप्प्यापेक्षा जास्त कळतं.

आता माफी. इथे चार निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते: समोरचा असा का वागला हे कळणं, मनातला सूड सुटणं, संबंध पुन्हा जोडणं आणि ‘झालं ते ठीकच होतं’ म्हणणं. पहिल्या दोन झाल्या तरी तिसरी होईलच असं नाही, आणि चौथी तर माफी नव्हेच. म्हणून ‘मी माफ केलं’ हे वाक्य आलं की दहा पानं मागे जा. समोरच्याने काही कबूल केलं होतं का? भेटीगाठी बदलल्या का? की शेवट गोड व्हावा म्हणून ते वाक्य नुसतं आणून बसवलंय? माफ न करता संपणारी पुस्तकं मला अपुरी वाटत नाहीत. कित्येकदा तीच जास्त नीट लिहिलेली असतात. माणूस मेल्यावर त्याला माफ करणं हा आणखी वेगळा प्रकार. तिथे उत्तर यायचंच नसतं, म्हणून लेखक जुनी पत्रं, डायऱ्या, नातेवाईक यांच्याकडे वळतो. ती प्रकरणं घाईने वाचू नका.

वाचायचा वेग: एका बैठकीला पंचवीस-तीस पानं, दिवसाउजेडी. अशी दोन पुस्तकं लागोपाठ नकोत. मारहाणीची किंवा अत्याचाराची धास्ती असेल तर अनुक्रमणिका आणि शेवटचं प्रकरण आधी वाचा, ही काही रहस्यकथा नव्हे. तेच पान तीनदा वाचलं जातंय किंवा झोप उडालीय, तर पुस्तक मिटा. दिवसेंदिवस तसंच राहिलं तर समुपदेशकाशी बोला. वाचून स्वतःबद्दल लिहावंसं वाटलं तर मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगातली रीत बरी आहे: रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस. लिहून झाल्या झाल्या मन जास्तच खट्टू होतं, हे त्या प्रयोगातही दिसलं होतं. तेव्हा पहिल्याच दिवशी वही बंद करू नका.

आणि खुणा केलेली प्रत भावाला किंवा आईला भेट देऊ नका. त्यांना त्यात पुस्तक दिसणार नाही, फक्त तुमच्या रेघा दिसतील. जे सांगायचंय ते आधी तोंडाने सांगा. पुस्तक त्यांनी मागितलं तर कोरी प्रत द्या.