पाच हजार सातशे एकोणऐंशी

१६ मे २००९ ला उत्तर मुंबई लोकसभा मतदारसंघाच्या मतमोजणीत मी मोजणी पर्यवेक्षक होतो. मशीनचं सील तपासायचं, रिझल्टचं बटण दाबायचं, आकडे उमेदवारांच्या प्रतिनिधींना दिसतील असं मशीन धरायचं, मतांच्या हिशोबाच्या १७-सी फॉर्मवर उतरवायचे आणि खाली सही ठोकायची, हे ते काम. त्या दिवशी भाजपचे राम नाईक ५,७७९ मतांनी पडले. निवडणुकीच्या ड्युट्या मी त्याआधी केल्या, नंतरही केल्या. बाकीचे निकाल विसरलो, हा विसरता येत नाही. कोण आलं आणि कोण पडलं याचं मला काही नव्हतं. सरकारी नोकर होतो, माझं मत माझ्यापाशी. पण सोमवारपासून ऑफिसात, गाडीत, सगळीकडे त्या आकड्याचा जो अर्थ लावला गेला, की कामाला कोणी विचारत नाही, तो आमच्या टेबलावर दिसलेला नव्हता. ते मला अजून टोचतं.

नाईकांचं नाव मला राजकारणातून नव्हे, लोकलमधून माहीत झालं. मी वसईचा. आमच्या ग्रुपमध्ये समाजवादी होते, काँग्रेसवाले होते, कट्टर शिवसैनिक होते. भाजपला उभ्या आयुष्यात मत न दिलेली माणसंसुद्धा गाडीचं काही बिनसलं की म्हणायची, नाईकांना पत्र टाका. आटपाडीत वाढलेला हा माणूस मुंबईत अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात अप्पर डिव्हिजन क्लार्क होता. म्हणजे आमच्याच जातकुळीतला, फाइल आणि लोकल या दोन गोष्टींत दिवस घालवणारा. १९६४ साली गोरेगाव प्रवासी संघ काढला, पुढे नोकरी सोडून जनसंघाचं पूर्णवेळ काम. १९७८, १९८० आणि १९८५ ला बोरिवलीतून आमदार. १९८९ पासून १९९९ पर्यंत पाच वेळा उत्तर मुंबईतून खासदार. सलग आठ निवडणुका जिंकलेला माणूस मुंबईसारख्या शहरात सहज सापडत नाही.

विचाराने ते उजवे, संघाचे, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. संसदेत ‘जन गण मन’ आणि ‘वंदे मातरम्’ १९९२ पासून म्हटलं जाऊ लागलं, त्यामागे त्यांचा पाठपुरावा. बॉम्बेचं मुंबई करण्यातही तोच. हे पेपरात यायचं. पण बाळांच्या दूध-पावडरीच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींना आळा घालणारं खाजगी विधेयकही त्यांनी मांडलं होतं, आणि पुढे १९९२ चा सरकारी कायदा झाला, हे माझ्या ओळखीतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. खासदार निधी १९९३ ला सुरू झाला, त्याची मागणी लावून धरणाऱ्यांत ते होते. रेल्वे राज्यमंत्री असताना मुंबई रेल्वे विकास महामंडळ उभं राहिलं, १९९९ ला. बोरिवली-विरार चौपदरीकरण पुढे त्याच महामंडळाने केलं. श्रेय एकट्याचं नाही, रेल्वेत कुठलंच काम एकट्याचं नसतं. पण सतत मागे लागणारा कोणीतरी लागतो, आणि तो कोण होता हे स्टेशनवरच्या कोणालाही विचारा.

मला स्वतःला सर्वांत भावलेली गोष्ट वेगळीच. हा माणूस दरवर्षी आपल्या कामाचा छापील अहवाल मतदारांना द्यायचा. काय प्रश्न विचारले, कोणती पत्रं लिहिली, कुठे किती खर्च झाला, सगळं. ही रीत जनसंघाचे नेते रामभाऊ म्हाळगींची. नाईकांनी ती उचलली आणि पराभवानंतरही मोडली नाही. मी आयुष्यभर ज्या खात्यांत काम केलं, तिथे वार्षिक अहवाल मागितला की साहेब लोकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्यामुळे ही शिस्त काय असते ते मला कळतं.

आता त्या दिवसाकडे येतो.

मोजणीच्या ड्युटीत कुठलं टेबल मिळणार हे आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही. पहाटे पाचला सोडत निघते, मग नेमणुकीचा कागद हातात येतो. मोबाइल बाहेर जमा. मला चारकोप विधानसभेचं टेबल मिळालं. मतदारसंघात सहा विधानसभा: बोरिवली, दहिसर, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप, मालाड पश्चिम. प्रत्येकीला चौदा टेबलं. टेबलावर मी, एक सहायक आणि एक सूक्ष्म निरीक्षक, आणि जाळीच्या पलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी. सहायकाच्या जागी ज्यांचं नाव होतं त्यांनी मेडिकल सर्टिफिकेट लावलं होतं. दर निवडणुकीला ठरावीक माणसांचं पोट ठरावीक तारखेला दुखतं, आणि त्यांच्या वाटची रात्र इतरांनी जागायची. याबद्दल कोणालाही कधी जाब विचारलेला मी पाहिला नाही. राखीव यादीतून एक तरुण शिक्षिका आल्या आणि त्यांनी दिवसभर जे काम केलं, त्याला तोड नाही.

आठ वाजता टपाली मतं निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या टेबलावर, साडेआठच्या सुमारास आमची मशीनं. कंट्रोल युनिट पेटीतून काढलं की आधी बाहेरचं सील आणि पत्त्याचा टॅग, मग आतलं हिरवं पेपर सील. त्यावरचा छापील नंबर केंद्राध्यक्षाच्या हिशोबाशी जुळला पाहिजे, आणि त्यावर मतदानाच्या दिवशीच्या प्रतिनिधींच्या सह्या असतात. मी प्रत्येक वेळी मशीन जाळीजवळ नेऊन म्हणायचो, आधी तुमच्या माणसाची सही बघा. मग एकूण मतांचं बटण. तो आकडा १७-सीच्या पहिल्या भागाशी जुळला तरच पुढे. मग हिरवा कागद अंगठ्याने फोडून आतलं रिझल्टचं बटण दाबायचं. टक्क असा आवाज, लांब बीप, आणि उमेदवाराचा क्रमांक आणि मतं, एकामागून एक, लाल आकड्यांत. तेव्हा नोटा नव्हता, व्हीव्हीपॅट नव्हतं. जे काही होतं ते त्या एवढ्याशा खिडकीत. जे लोक घरी बसून मशीनबद्दल वाटेल ते बोलतात, त्यांनी एकदा जाळीपलीकडे बसून दहा मशीनं उघडताना पाहावीत, असं मला मनापासून वाटतं.

जाळीपलीकडे माझ्या अगदी समोर दोघं होते. भाजपचे एक साठीचे गृहस्थ, आणि मनसेचा एक पंचविशीचा मुलगा. बहुतेक प्रतिनिधींकडे पक्षाने दिलेले छापील तक्ते असतात. या काकांकडे लाल कापडी पाठीची जमाखर्चाची वही होती. पट्टीने रेघा मारून तीन रकाने: काँग्रेस, भाजप, मनसे. प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज, आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर ‘मागील पानावरून’. तिसऱ्या फेरीत मुलाचा एक आकडा सुटला. त्याने वळून विचारलं, “काका, आपल्या सेक्टरचा शेवटचा काय होता?” काकांनी वही त्याच्याकडे सरकवली. आपल्या सेक्टरचा! तेव्हा कळलं की दोघं एकाच वस्तीतले. त्यानंतर प्रत्येक फेरीला ते आकडे ताडून पाहत होते, विरोधी पक्षांचे असून.

इथे एक खंत सांगतोच. कागदी मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजायची सोय होती, कुठल्या वस्तीने कोणाला मतं दिली हे कळू नये म्हणून. मशीनं आली आणि ती सोय गेली. एक मशीन म्हणजे एक केंद्र, म्हणजे चार-सहा सोसायट्या. काका केंद्र क्रमांक ऐकून इमारतींची नावं सांगत होते. अनेक मशीनांची एकत्र बेरीज देणारं टोटलायझर नावाचं यंत्र वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ सालीच दिला होता. अजून तो अमलात आलेला नाही. गुप्त मतदान म्हणायचं आणि मोजताना सोसायटी-सोसायटीचा कल सगळ्यांपुढे वाचायचा, हे मला कधीच पटलं नाही.

पण त्यामुळेच त्या दिवशी जे दिसलं ते दिसलं. म्हाडाच्या मराठी वस्तीची मशीनं आली की काकांचा आणि मुलाचा रकाना दोन्ही भरायचे. मधल्या आणि शेवटच्या रकान्याची बेरीज पहिल्याहून मोठी, आणि तरी पहिला पुढे. दुपारपर्यंत आघाडी इकडून तिकडे होत होती. इतर हॉलमधून खबरा यायच्या, कोणी म्हणे नाईक पुढे, कोणी म्हणे काँग्रेसचे निरुपम. काकांनी एकाही खबरेवर मान वर केली नाही. ते आपले बेरीज करत राहिले. एका फेरीनंतर त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि मुलाला एवढंच म्हणाले, “तुमच्या आणि आमच्यात भांडण नव्हतं रे.” मुलगा काही बोलला नाही. मी पुढचं मशीन घेतलं, कारण माझं काम तेच होतं.

संजय निरुपम २,५५,१५७. राम नाईक २,४९,३७८. मनसेचे शिरीष पारकर १,४७,५०२. निकालाचा तक्ता मी नंतर निवांत घेऊन बसलो. मनसेची सगळी मतं नाईकांना गेली असती असं मी म्हणत नाही, अनेक जण मतदानालाच आले नसते. पण फरक भरून काढायला शंभरातली चार पुरली असती. त्या वर्षी मुंबईच्या सहाही जागा काँग्रेस आणि राष्ट्रवादीने घेतल्या. शिवाय मतदान ३० एप्रिलला, गुरुवारी. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, मग शनिवार-रविवार. उत्तर मुंबईत निम्म्याहून जास्त मतदार केंद्राकडे फिरकलेच नाहीत. सुट्टी जोडून मिळते म्हणून गावाला जाणाऱ्या आणि नंतर पाच वर्षं राजकारण्यांना शिव्या घालणाऱ्या माणसांबद्दल मला आदर नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी कोणी बोललंच नाही. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघाची हद्द बदलली. वसई गेली नव्या पालघर मतदारसंघात, जो अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. गोरेगाव गेलं वायव्य मुंबईत. म्हणजे ज्या गोरेगावात या माणसाने प्रवासी संघ काढला आणि संसार केला, तिथली मतं त्याच्या मतदारसंघात नव्हती. विरार लोकलला लोंबकळत जाणारे आम्ही, ज्यांच्यासाठी निम्मं आयुष्य रेल्वे बोर्डाशी पत्रव्यवहार झाला, आम्हीही नव्हतो. तारापूर अणुवीज केंद्रामुळे उठवलेल्या पोफरण आणि अक्करपट्टीच्या गावकऱ्यांसाठी त्यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवली, तेही हद्दीबाहेर. मी स्वतः ज्या माणसाच्या नावापुढचा आकडा मशीनवरून वाचत होतो, त्याला मत देण्याचा किंवा न देण्याचा हक्कच मला त्या वर्षी नव्हता.

सोमवारी ऑफिसात आलो तर आमचे हेडक्लार्क म्हणाले, बघा, कामाला कोणी विचारत नाही, अहवाल छापून मतं मिळत नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राग आला. मी तक्ता काढून दाखवला, हद्द दाखवली, तिसरा रकाना दाखवला. म्हटलं, या निकालात कामाची परीक्षाच झालेली नाही. ज्यांच्यासाठी काम केलं ते निम्मे यादीत नाहीत, आणि जे आहेत त्यांची मतं फुटली. पाच वर्षांनी, २०१४ ला, त्याच मतदारसंघात त्याच पक्षाचे गोपाळ शेट्टी ४,४६,५८२ मतांनी निवडून आले. एवढ्या फरकाची लाट असली की कोणी अहवाल छापला आणि कोणी नाही, हे कोण बघतं? त्याआधीच, २०१३ ला, नाईकांनी यापुढे निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं होतं. त्याच वर्षी चर्चगेट-डहाणू लोकल सुरू झाली, ज्यासाठी ते वर्षानुवर्षं भांडले. पुढे ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले, २०२४ ला पद्मभूषण मिळालं.

हेडक्लार्क आता निवृत्त आहेत, मीही आहे. फोनवर हा विषय निघाला की ते माझं सगळं ऐकून घेतात आणि एकच प्रश्न विचारतात: मग २००४ चं काय?

२००४ ला मतदारसंघ अखंड होता. वसई आत, गोरेगाव आत, आमचा अख्खा डबा आत. मनसे जन्मायला दोन वर्षं होती. नाईक तेव्हा केंद्रात पेट्रोलियम मंत्री. गॅस सिलिंडरसाठी वर्षानुवर्षं चालणारी प्रतीक्षायादी त्यांच्या काळात संपली, हे घरोघरच्या बायकांना माहीत होतं. समोर राजकारणात एक दिवसही न काढलेला नट, गोविंदा. नाईक ४८,२७१ मतांनी पडले. त्याला मी ना हद्दीचं कारण देऊ शकतो, ना फुटीचं. मतदार तेच होते ज्यांच्यासाठी काम झालं, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांनी ते काम माहीत असून दुसरीकडे बटण दाबलं. आमच्या डब्यातल्या कोणी कोणी दाबलं तेही मला माहीत आहे, कारण तेच सांगायचे. पत्र मात्र पुढच्या आठवड्यात पुन्हा नाईकांनाच गेलं.