दळण जाडं, कापड मलमल

सोलापुरात मे महिन्यात पारा 43च्या पुढे गेला तरी टपरीवरची गर्दी हटत नाही. घामाने निथळत लोक कडक चहाच मागतात. अशा गावात अख्ख्या कॉफीच्या बिया पार्सलने मागवणारा माणूस थोडा संशयितच. कुरिअरवाल्या पोराने पुडा नाकाला लावून विचारलं होतं, "काय ओ, औषध हाय का?"

बिया घेताना मी आधी भाजल्याची तारीख शोधतो. ज्या पाकिटावर ती नाही, ते परत ठेवायचं. ताज्या भाजलेल्या बियांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड सुटत असतो, म्हणून त्यांना जरा बसू द्यायचं, पण महिना-दीड महिन्यात संपवायच्या. दूरदेशीच्या बियांचा मोह मला फारसा नाही. देशातली सुमारे 70 टक्के कॉफी शेजारच्या कर्नाटकातच पिकते. फ्रेंच प्रेससाठी, म्हणजे जाळीच्या दांड्याने कॉफी खाली दाबायच्या भांड्यासाठी, चिकमगळूरची मध्यम भाजलेली अरेबिका जातीची कॉफी पुरते. कोल्ड ब्रूला, म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवून केलेल्या कॉफीला, थोडी गडद चालते. थंड पाण्यात आंबटपणा कमी उतरतो आणि चॉकलेटकडे झुकणारी चव पुढे येते. चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) घातलेली फिल्टर कॉफीची पावडर मात्र प्रेसमध्ये घालू नये. ती इतकी बारीक असते की जाळीतून सुटून कपात गाळ बसतो.

खरा पैसा घालायचा तो ग्राइंडरवर. मिक्सरचं पातं बिया कशाही फोडतं, त्यात निम्मं पीठ, निम्मे खडे. पिठातून कडवटपणा उतरतो, खडे कच्चेच राहतात. दातेरी चकत्यांचा हातग्राइंडर सगळं एकसारखं, जाड्या रव्याइतकं दळतो. हात दुखतो, दुखू दे.

त्यापुढे प्रेस म्हणजे साधं भांडं. 1929 साली इटलीत त्याचं पेटंट घेतलं गेलं, तेव्हापासून दांडा, जाळी आणि भांडं एवढाच कारभार. 30 ग्रॅम कॉफी, 450 मिली उकळून किंचित निवलेलं पाणी, चार मिनिटं. मग दांडा हळू दाबायचा आणि सगळी कॉफी लगेच ओतून घ्यायची, नाहीतर तळाशी ती कडू होत राहते. काचेचा प्रेस लवकर निवतो, पण सोलापुरी नॅपकिन गुंडाळला की भागतं. पाणी बोअरचं नको. त्यातली बायकार्बोनेटं कॉफीतलं आम्लच मारून टाकतात आणि कप मिळमिळीत लागतो.

कोल्ड ब्रूसाठी मात्र काहीही विकत घेऊ नका. यंत्रमागांच्या गावात राहून नायलॉनची ब्रू बॅग ऑनलाइन मागवायची म्हणजे लाजच. स्टीलच्या डब्यात 100 ग्रॅम जाडं दळण, 800 मिली पाणी, फ्रिजमध्ये रात्रभर, म्हणजे 14-16 तास. मग उकळून घेतलेल्या मलमलच्या कापडातून गाळायचं. टॉवेलचा तुकडा वापरू नये, धागे सुटतात. हा अर्क दाट असतो; निम्मं पाणी नाहीतर थंड दूध घालूनच प्यायचा.

गाळताना शेजारच्या काकू आल्या. "काय करायलाव ओ हे?" पेला हातात दिला. घोट घेऊन म्हणाल्या, "साखर विसरलाव की!" साखर थंड पाण्यात लवकर विरघळत नाही, चमचा ढवळून ढवळून तळाशीच राहते. तेव्हापासून अर्काच्या बाटलीशेजारी पाकाची बाटलीही असते, आणि तीच आधी संपते.