७४०, ७७८ आणि ३१५७ : उपखंडातून इंग्लंडात पोचलेल्या इंजिनांची नोंदवही

मंडळी, वहीचं काम बऱ्यापैकी पुढे सरकलंय, म्हणून ही नोंद.

नवीन वाचकांसाठी थोडं मागचं. जतन केलेल्या इंजिनांच्या याद्या करणाऱ्यांची इंग्लंडात वानवा नाही. कुठल्याही हेरिटेज रेल्वेच्या फलाटावर वही-पेन्सिलवाले आजोबा भेटतातच. वेल्समधल्या बॅरीच्या भंगार यार्डातून वाचलेली २१३ इंजिनं यातल्या काहींना तोंडपाठ असतात. त्या गर्दीत मी आणखी एक यादी करून काय दिवे लावणार? म्हणून मी एक छोटा कोपरा धरला : भारतीय उपखंडासाठी बांधलेली, तिथे राबलेली आणि आता इथे असलेली इंजिनं. सध्या तीन पानं भरली आहेत. पहिल्या पानाला सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण ते इंजिन माथेरानचं.

७४०. नेरळ–माथेरान रेल्वे २२ मार्च १९०७ ला सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि मुलगा अब्दुल हुसेन यांची जिद्द. दोन फुटी गेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), जेमतेम वीस किलोमीटरचा मार्ग, चढ वीस फुटांत एक फूट आणि वळणं इतकी आवळलेली की साधं तीन आसांचं (अ‍ॅक्सलचं) इंजिन तिथे अडकून बसलं असतं. त्यासाठी जर्मनीतल्या ओरेनश्टाइन आणि कॉपेल कंपनीकडून चार इंजिनं आणली. पुढे अखिल भारतीय क्रमांक आले तेव्हा त्यांचे ७३८ ते ७४१ झाले. ७३८ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, आणि ७४० लेटन बझार्डला, म्हणजे मिल्टन कीन्सच्या अगदी शेजारी. इथले मराठी लोक शनिवारी भाजी घ्यायला जातात त्याच रस्त्यावर माथेरानचं इंजिन आहे, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही.

लेटन बझार्डची रेल्वेही दोन फुटी. १९१९ मध्ये वाळूच्या खाणींसाठी, पहिल्या महायुद्धातून उरलेलं सामान वापरून टाकलेली. म्हणजे गेजच्या हिशेबाने ७४० ला हे घर परकं नाही, फक्त डोंगर नाही आणि माकडं नाहीत.

या वेळी मी बाकी सगळं सोडून फक्त आस बघितले. परवानगी काढली, कार्यकर्त्यांपैकी एकाने टॉर्च दिला आणि मी गुडघ्यावर बसलो. या इंजिनाची चौकट चाकांच्या बाहेर आहे. त्यामुळे बाजूने बघितलं तर चाकं नीट दिसतच नाहीत. दिसतात ते चौकटीबाहेर फिरणारे क्रँक आणि त्यांना जोडणारे लांब रॉड. खरी गंमत आत आहे. पुढचा आणि मागचा आस पोकळ. त्या पोकळ नळीच्या पोटात दुसरा, भरीव आस. भरीव आस चौकटीत पक्का बसलेला, तो हलत नाही, फक्त फिरतो. चाकं मात्र नळीवर बसवलेली, आणि नळी मधोमध एका गोल सांध्यावर तोललेली. वळण आलं की नळी चाकांसकट थोडी तिरकी होते, आणि बाहेरचे रॉड आपले सरळच चालत राहतात. याला क्लिएन-लिंडनर आस म्हणतात. पुस्तकातली आकृती मी कितीतरी वेळा बघितली होती, पण चाकामागे टॉर्च धरून ती जाडजूड नळी बघितल्यावर एका गोष्टीचा उलगडा झाला : आसाला इतकी जागा लागते म्हणूनच चौकट बाहेर ढकललेली आहे. दोन फुटी गेजमध्ये हे सगळं चाकांच्या आत मावणारच नाही.

इथे एक आडवळण घेतो. माथेरानच्या या रेल्वेला सल्ला देणाऱ्यांत एव्हरर्ड कॅलथ्रॉप हे इंग्रज इंजिनियर होते. हो, बार्शी लाइट रेल्वेवालेच. १८९७ मध्ये अडीच फुटी गेजवर बार्शीची गाडी धावली ती त्यांच्याच हिकमतीने. तोच अनुभव घेऊन त्यांनी इंग्लंडात लीक–मॅनिफोल्ड रेल्वे उभी केली, १९०४ मध्ये. ती १९३४ ला बंद पडली आणि आज तिथे पायवाट आहे. इंजिनं दोन होती, दोन्ही गेली. पुढे या माणसाने विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवलं. सोलापूर जिल्ह्यातल्या गाडीपासून पॅराशूटपर्यंत! असो, वहीत मावत नाही म्हणून इथे लिहिलं.

७७८. दार्जिलिंगचं बी वर्गाचं इंजिन. शार्प स्टुअर्टने १८८९ मध्ये बांधलेलं, मूळ क्रमांक १९. बी वर्गाची ३४ इंजिनं झाली, त्यातलं भारताबाहेर गेलेलं हे एकटंच. आधी अमेरिकेत गेलं, इंडियानातल्या हेस्टनच्या संग्रहालयात बरीच वर्षं नुसतं पडून होतं. मग एड्रियन शूटर यांनी ते विकत घेऊन इंग्लंडात आणलं, चालतं केलं आणि ऑक्सफर्डशरमधल्या आपल्या घराच्या बागेत रूळ टाकून तिथे चालवलं. (बागेत! आमच्याकडे बाल्कनीत तुळस ठेवायला जागा नाही.) आता ते टॅमवर्थजवळ स्टॅटफोल्डला आहे.

७७८ नोंदवताना एक गोष्ट आधी लक्षात घ्या. इथे त्याच्यामागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, जोडलेलं दिसतं. दार्जिलिंगच्या डोंगरात बी वर्ग टेंडरशिवाय चालतो. कोळसा केबिनच्या पुढे, बॉयलरच्या वर भरलेला असतो, आणि तो फोडायला तिथेच वर एक माणूस बसलेला असतो. चाकं घसरू नयेत म्हणून पुढच्या बफरवर बसून रुळावर वाळू टाकणारे वेगळे. म्हणून ७७८ चा फोटो बघून कुणी बी वर्गाची बाह्यरेषा काढली तर ती चुकणार. माझ्या पानावर मी सरळ दोन रकाने केलेत : बांधताना काय होतं आणि आज काय आहे.

३१५७. हे मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात. पाकिस्तान रेल्वेचं, पण १९११ मध्ये बांधलं तेव्हा ते नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचं होतं. व्हल्कन फाउंड्रीचं काम, चाकांची रचना ४-४-० (पुढे चार छोटी, मग चार मोठी चालवणारी, मागे एकही नाही). याच व्हल्कन फाउंड्रीने आपल्या जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) अगदी पहिली इंजिनं बांधली होती, १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली. ती उरली नाहीत, म्हणून ३१५७ समोर मी जरा जास्तच रेंगाळतो. त्याच संग्रहातलं दक्षिण आफ्रिकेचं गॅरेट जातीचं इंजिन १०६७ मिलिमीटर गेजचं, आइल ऑफ मॅनचं ‘पेंडर’ नावाचं इंजिन ९१४ चं आणि आपलं हे १६७६ चं ब्रॉडगेज. ब्रिटनचं स्वतःचं गेज १४३५, त्यामुळे या तिघांपैकी एकालाही बाहेरच्या रुळावर नेता येत नाही.

आता पद्धतीबद्दल, कारण बऱ्याच जणांनी विचारलं होतं. रंगवलेल्या नंबरावर विसंबू नका. फ्लाइंग स्कॉट्समन या इंग्लंडातल्या नामांकित इंजिनाचंच बघा : १९२३ ला १४७२, मग ४४७२, १९४६ मध्ये आधी ५०२ आणि काही महिन्यांत १०३, शेवटी ६०१०३. एकच इंजिन, पाच नंबर, आणि जतन झाल्यावर रंगही आलटूनपालटून. त्यात बॉयलर शेडमध्ये अदलाबदल होतात. म्हणून माझा क्रम असा असतो : आधी वर्क्स प्लेट (बांधणाऱ्या कारखान्याची पाटी), पण ती नक्कल असू शकते, तेव्हा स्क्रू नवे आहेत का तेही बघायचं. मग रॉडच्या टोकांवर ठोकून उमटवलेले आकडे. ते ग्रीसखाली असतात, चिंधी जवळ ठेवा, आणि पुसण्याआधी विचारा. मग बॉयलरचा क्रमांक. चालू इंजिन असेल तर बॉयलरचं प्रमाणपत्र कधी संपतं तेही लिहायचं. इथे ते साधारण दहा वर्षांचं असतं, आणि ते संपलं की इंजिन वर्षानुवर्षं सुटं होऊन पडतं. ‘चालू’ असा नुसता शेरा दोन वर्षांत खोटा पडतो. प्रत्येक ओळीपुढे तारीख हवीच.

आणि एकाच बाजूचे फोटो काढून परत येऊ नका. डाव्या बाजूचा रॉड एका इंजिनाचा आणि उजवीकडचा दुसऱ्याचा, हे कारखान्यात सर्रास चालायचं.

पुढचं काम ठरलेलं आहे. ७४० च्या पानाशेजारी ७३८ चं पान हवंय. दिल्लीला जाणारं कुणी असेल तर मला पूर्ण इंजिनाचा फोटो नको, तो सगळ्यांकडे असतो. दोन्ही बाजूंच्या रॉडची टोकं, पुढचा क्रँक अगदी जवळून, आणि चौकटीवर कुठे आकडे ठोकलेले दिसले तर तेवढे पाठवा. शेजारी एखादं नाणं ठेवून काढलात तर माप घेता येईल. माथेरानला जाणाऱ्यांनीही तेच करा. तिथे इंजिनावर चढून सेल्फी काढणाऱ्यांची रांग असते, सकाळच्या पहिल्या गाडीआधी गेलात तर निवांत मिळेल.